आकडा बघ, वेळ पाळ: लोहाच्या गोळीचे कानमंत्र

काल दुपारी माझी भाची आली. पाचवा महिना लागलाय तिला. दोन जिने चढून आली आणि दारातच भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं, खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून पाहिली. आरोग्यसेविका म्हणून बत्तीस वर्षं उपकेंद्रात काढली, त्यातली ही सवय अजून सुटलेली नाही. पापणीच्या आत जिथे लाली दिसायला हवी, तिथे फिकटपणा होता. रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन ९.२.

मग तिने पिशवीतून गोळ्यांची तीन पाकिटं काढून माझ्यासमोर ओळीने मांडली. एक आशाताईंनी घरी आणून दिलेलं, लाल गोळ्यांचं. दुसरं डॉक्टरांनी लिहून दिलेलं, महागाचं. तिसरं जावेचं, तिच्या बाळंतपणात उरलेलं. तिन्ही लोहाचीच. महिना झाला तरी तिने एकही नीट घेतली नव्हती, कारण कोणती घ्यावी हेच ठरत नव्हतं. "मावशी, यांतली चांगली कोणती?"

हा प्रश्न मी नोकरीत रोज ऐकला. माझ्या पहिल्या पोस्टिंगला ज्या पर्यवेक्षिका बाई होत्या, त्यांनी मला सांगितलं होतं, "बाईला गोळी देऊ नकोस, गोळी समजावून दे." त्यांनी जे शिकवलं आणि पुढे गावागावांतल्या बायांनी जे शिकवलं, ते काल भाचीला सांगितलं. तेच इथे लिहिते आहे. घरात कोणी पोटुशी असेल तर तिला वाचून दाखवा.

पहिला: डबा आणि कणगी

आधी हे समजून घे बाळ, की गरोदरपणात रक्त कमी का पडतं. पोटात बाळ वाढायला लागलं की अंगातलं रक्त वाढतं. पण रक्तातलं पाणी जास्त वाढतं आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे आकडा थोडा खाली येतो, तो सगळ्यांचाच येतो. खरी ओढ लागते ती लोहाची. पूर्ण गरोदरपणात साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० बाळ आणि वार घेतात, ५०० आईच्या वाढलेल्या रक्तात जातं, उरलेलं रोजच्या झिजेत.

घरात पिठाचा डबा असतो आणि मागे धान्याची कणगी असते. हिमोग्लोबिन म्हणजे डबा. अंगात साठवलेलं लोह, ज्याची तपासणी फेरिटिन नावाने होते, ती कणगी. आपल्याकडे मुली लग्नाआधीच रिकामी कणगी घेऊन येतात. पाळीचं अंगावरून जाणं, सगळ्यांच्या मागून जेवणं, शिळंपाकं संपवणं. मग बाळाची मागणी सुरू झाली की डबा भरायला मागे काही नसतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींतली एक. आपल्या शेजारच्या दारात नाही तर आपल्याच दारात.

आकडे लक्षात ठेव. गरोदर बाईला ११ च्या वर हवं. १० ते १०.९ म्हणजे सौम्य कमतरता, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. तू मध्यम आहेस. गोळीने भरून निघण्यासारखी आहेस, पण दिवस घालवण्यासारखी नाहीस.

दुसरा: नाव वाचू नकोस, आकडा वाच

मेडिकलवाल्याकडे लोहाच्या गोळ्यांची पन्नास नावं असतात. पाकिटावरच्या चित्राकडे बघू नकोस. मागे बारीक अक्षरांत 'एलिमेंटल आयर्न' असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या क्षारातलं शुद्ध लोह. तो आकडा शोध. गोळीत लोह कधी एकटं नसतं, कशाच्या तरी सोबतीने येतं. त्या सोबत्याचं वजन वगळून जे उरतं ते तुझं.

फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के शुद्ध लोह असतं, साध्या फेरस सल्फेटमध्ये २० टक्के, फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅमची ग्लुकोनेटची गोळी दिसायला मोठी, पण तिच्यात लोह ३५ मिलिग्रॅमच. आणि २०० मिलिग्रॅमची फ्युमरेटची गोळी दिसायला लहान, पण तिच्यात ६५. गोळीच्या आकारावरून आणि किमतीवरून लोह ठरत नाही.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. २०१८ पासून, ॲनिमिया मुक्त भारत ही मोहीम सुरू झाली तेव्हापासून हे माप आहे. त्याआधी १०० मिलिग्रॅमची गोळी होती. रक्त ठीक असेल तर चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस. सौम्य किंवा मध्यम कमतरता असेल तर रोज दोन.

तिसरा: प्रत्येक गोळीचा स्वभाव वेगळा

आता तुझी तिन्ही पाकिटं घेऊ.

लाल गोळी फेरस सल्फेटची. जुनी, स्वस्त आणि पुष्कळ पारखलेली. उपकेंद्रात फुकट मिळते म्हणून ती हलकी समजू नकोस. अंगात चांगली शोषली जाते. दोष एकच, पोटाला जाणवते. मळमळ, जळजळ, बद्धकोष्ठता, तोंडाला लोखंडाची चव. अनेकींना यातलं काहीच होत नाही, काहींना पहिले आठ-दहा दिवस होतं आणि मग सरावतं.

फ्युमरेट सल्फेटचीच बहीण. लोह थोड्या गोळीत जास्त, पोटाचा त्रास जवळजवळ तितकाच.

डॉक्टरांनी तुला लिहून दिलेली फेरस ॲस्कॉर्बेटची. यात लोहाच्या सोबतीला क जीवनसत्त्व असतं, म्हणून आतड्यात ते विरघळलेलं राहतं आणि शोषणाला सोपं जातं. बहुतेक पाकिटांवर एका गोळीत १०० मिलिग्रॅम शुद्ध लोह लिहिलेलं असतं. पुष्कळ बायांना ही मानवते. किंमत मात्र रोजच्या खर्चात जाणवणारी.

जावेची जी आहे ती आयर्न पॉलिमाल्टोजची. हिच्यात लोह साखरेच्या लांब साखळीत गुंडाळलेलं असतं. पोटाला हलकी, तोंडाला चव नाही, जेवणाबरोबर घेतली तरी चालते. पण तिच्यातलं लोह सल्फेटइतकं पटापट अंगी लागत नाही. तुझं रक्त ९.२ आणि हातात चारच महिने, तेव्हा ही तुझी पहिली गोळी नव्हे. शिवाय ती उरलेली आहे, तिची मुदत कधीची आहे ते बघ आणि बाजूला ठेव.

आणखी दोन नावं ऐकशील. फेरस बिसग्लायसिनेट, म्हणजे ग्लायसिन या अमिनो आम्लाशी बांधलेलं लोह. ते पोटाला सौम्य आहे आणि कमी मात्रेतही काम करतं. लाल गोळी अजिबातच न सोसणाऱ्या बाईसाठी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं. दुसरं कार्बोनिल आयर्न, म्हणजे लोहाची शुद्ध बारीक पूड. ती जठरातल्या आम्लात हळूहळू विरघळते. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्या बाईला तिचा फायदा कमी, कारण आम्लच कमी असतं. गोळी गिळताच येत नसेल तर पातळ औषधं आहेत. ती घोटभर पाण्यात घालून स्ट्रॉने प्यावीत आणि वर चूळ भरावी, नाही तर दात काळे पडतात.

एक गोष्ट पक्की धर. तिन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. लोह दुप्पट घेतलं म्हणून रक्त दुप्पट वाढत नाही. मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचा दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं. मग जादाचं लोह आतड्यातच पडून राहतं आणि त्रास देतं. झुरिचच्या संशोधकांनी हे नीट मोजून दाखवलं आहे, आणि त्यावरूनच काही डॉक्टर न सोसणाऱ्या बाईला दिवसाआड गोळी देतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा. आपल्याकडे गरोदरपणाचा नियम रोजचाच आहे.

चौथा: चहा आणि गोळी यांची गाठ पडू देऊ नकोस

मी कितीतरी बाया पाहिल्या, गोळी रोज घेतात आणि रक्त वाढत नाही. विचारलं की कळतं, सकाळच्या चहाबरोबर घेतात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. कॉफी, दूध, ताक यांचंही तसंच. चहाच्या आधी आणि नंतर निदान दोन तास गोळीपासून लांब.

कॅल्शियमची गोळी ही दुसरी अडचण. गरोदर बाईला दोन्ही मिळतात आणि ती एकाच वेळी दोन्ही गिळून मोकळी होते. कॅल्शियम आणि लोह आतड्याच्या दारात एकमेकांना अडवतात. कॅल्शियम सकाळच्या न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर घे. लोह रात्री जेवून दोन तास झाले की, झोपताना. लिंबू पिळलेल्या कोमट पाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर घेतलंस तर आणखी चांगलं. दोन गोळ्या असतील तर दुसरी सकाळी, चहाच्या बरीच आधी.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि लोह यांत चार तासांचं अंतर ठेव. ॲसिडिटीचं औषधही लोहाबरोबर नको.

पाचवा: त्रास झाला तर गोळी टाकू नकोस, वेळ बदल

गोळ्या पोहोचतात, पोटात जात नाहीत, हे दुखणं जुनं आहे. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातच १८० दिवस गोळ्या घेतलेल्या आया देशात २६ टक्केच निघाल्या. मी घरोघर गेले की बायका फडताळातून न उघडलेली पाकिटं काढून दाखवायच्या. कारण विचारलं की एकच, "सोसत नाही बाई."

न सोसण्यावर उपाय असतो. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोडंसं खाऊन घे. शोषण जरा कमी होईल, पण न घेण्यापेक्षा पुष्कळ बरं. दोन झेपत नसतील तर आठवडाभर एकीवर राहा, मग दुसरी सुरू कर. बद्धकोष्ठता झाली तर पाणी वाढव, कच्ची पपई सोडून बाकी फळं, पालेभाज्या, भिजवलेल्या काळ्या मनुका खा आणि तरीही नाही झालं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घे. एवढं करूनही पोट ऐकत नसेल तर डॉक्टरांना सांगून गोळीचा प्रकार बदल. बदलायचं, पण बंद करायचं नाही.

शौचाला काळं होईल. घाबरू नकोस. न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी जादा गोळी घेऊ नकोस, पुढे चालू ठेव.

सहावा: फॉलिक ॲसिड विसरू नकोस

लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड का असतं, त्याची गोष्ट आपल्या मुंबईत घडलेली आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बाया एका वेगळ्या पंडुरोगाने खंगत होत्या, पेशी मोठ्या आणि थोड्या. विल्सबाईंनी त्यांचं जेवण, त्यांची गरिबी बारकाईने पाहिली आणि यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो हे दाखवून दिलं. त्या अर्कातलं जे बरं करत होतं ते फोलेट. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानावरूनच त्याला फॉलिक हे नाव मिळालं. गिरणीतल्या ज्या बायांचं रक्त तपासून हे कळलं, त्यांची नावं कुठे नाहीत. त्यांच्यामुळे तुझ्या गोळीत ते आज आहे.

पहिल्या तीन महिन्यांत नुसती फॉलिक ॲसिडची गोळी आणि चौथ्यापासून लोहासकट, असा क्रम.

सातवा: गोळी ताटाची जागा घेत नाही, ताट गोळीची घेत नाही

बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढतं असं नाही. रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. ती फळं आवडीने खा, पण ९.२ ची ११ ती करणार नाहीत. गूळ-शेंगदाण्याचंही तेच. कमतरता झाली की गोळी लागतेच.

मात्र ताट नीट असेल तर गोळीला बळ मिळतं. माठ, राजगिऱ्याची पानं, पालक, शेपू. मटकी आणि मूग मोड आणून, कारण मोड आले की त्यांतलं लोह सुटं होतं. उसळीवर लिंबू पिळ, आमटीत आमसूल किंवा चिंच घाल, आंबटाने लोह अंगी लागतं. भाजी लोखंडी कढईत कर, कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. मांस-मासे चालत असतील तर त्यांतलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. कोकणातल्या बाईला सुकट, जवळा घरातच असतो. कलेजी मात्र गरोदरपणात सारखी खाऊ नये, तीत अ जीवनसत्त्व फार असतं.

मातीचे, खडूचे, कच्च्या तांदळाचे डोहाळे लागले तर ते लाडाने पुरवू नका. अंग लोह मागत असल्याची ती खूण असू शकते, तपासणी करा. आणि मशेरी लावत असशील तर आजच बंद कर, ती बाळाचं वजन खाते.

आठवा: महिन्याने पुन्हा तपास

गोळी सुरू करून महिना झाला की हिमोग्लोबिन पुन्हा बघ. निदान एक ग्रॅम वाढायला हवं. वाढलं तर गोळी बरोबर, वेळ बरोबर, तू बरोबर. नाही वाढलं तर गोळीचं पाकीट बदलत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रावर डॉक्टर मोफत तपासतात.

सगळा पंडुरोग लोहाचा नसतो. विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेल आहे. काही घरांत थॅलेसेमियाचा अंश असतो. काहींना ब-१२ ची कमतरता असते, त्यात शाकाहारी बाया जास्त. पोटात काही प्रकारचे जंत असतील तर ते आतड्यातून रक्त पितात आणि त्याबरोबर लोहही जातं. चौथ्या-पाचव्या महिन्यात डॉक्टर अल्बेंडाझोलची एक गोळी देतात ती त्यासाठी.

रक्त ७ च्या खाली असेल, किंवा दिवस भरत आले आणि वाट पाहायला वेळ नसेल, तर गोळीवर विसंबू नये. लोह शिरेतून द्यावं लागतं, ते दवाखान्यातच. ५ च्या खाली गेलं तर त्याच दिवशी दाखल. धाप लागणं, छातीत धडधड, पाय सुजणं, चक्कर, यात घरगुती उपाय करत बसायचं नाही.

नववा: लोक सांगतील ते

"गोळीने बाळ काळं होतं." होत नाही. काळं शौच होतं, बाळ नाही. "बाळ फार मोठं होतं, बाळंतपण अडतं." तेही नाही. रक्त कमी असलं की बाळ वेळेआधी येतं, वजन कमी भरतं, हेच दिसतं. "गोळी उष्ण पडते." पोटात जळजळ होते, तिच्यावरचा उपाय मी वर सांगितला. सासूबाईंनी किंवा आईने यांतलं काही सांगितलं तर भांडू नकोस, त्यांच्या काळजीपोटी ते येतं. त्यांना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा. पहिला रिपोर्ट आणि दुसरा रिपोर्ट शेजारी ठेवून दाखव. माझ्या अनुभवात एवढ्याने घरं बदलतात.

दहावा: बाळ झालं तरी थांबू नकोस

हिमोग्लोबिन ११ झालं म्हणजे डबा भरला. कणगी अजून रिकामीच असते. म्हणून गोळी पुढेही चालू ठेवायची, रोज एक. बाळंतपणात रक्त जातं, रक्ताबरोबर लोहही जातं. ज्या बाईची कणगी भरलेली असते ती सावरते. जिची नसते, तिचा तेवढ्याच रक्तस्रावाने जीव धोक्यात येतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून एवढं बजावून सांगते. बाळंतपणानंतरही १८० दिवस गोळी घ्यायची, अंगावर पाजत असताना. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खा, पण गोळीसोबत.

आणि गोळ्यांचा डबा उंच फळीवर, झाकण घट्ट. लाल गोड आवरणाची गोळी लहान मुलाला चॉकलेटची गोळी वाटते. मूठभर लोहाच्या गोळ्या लहान मुलाचा जीव घेऊ शकतात. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.

भाचीला मी शेवटी इतकंच सांगितलं. तुझ्यासाठी लाल गोळी चांगली, रोज दोन. सोसली नाही तर डॉक्टरांना विचारून त्यांनी दिलेली ॲस्कॉर्बेटची. दोन्ही मिळून नाही. जावेचं पाकीट बाजूला. तिच्या मोबाइलवर रात्री दहाची घंटा लावून दिली आणि शेजारी लिंबू ठेवायला सांगितलं. रात्री सव्वादहाला तिचा फोन आला, "मावशी, पहिली घेतली."

पोटुशी बायांनो, सगळ्यात चांगली गोळी ती, जिच्यात लोह पुरेसं आहे, जी तुमच्या पोटाला सोसते आणि जी तुम्ही रोज खरोखर गिळता. घरातल्या फडताळात न उघडलेलं पाकीट असेल तर आज रात्री ते उघडा. आणि महिन्याने तपासणीला जा, आकडा वाढला का ते बघा.